रुमालाखालची वेबसाइट

नगरमध्ये वेबसाइट करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक दोनदा भेटतं. पहिल्यांदा भाव विचारायला, आणि दुसऱ्यांदा भलत्याकडून करून घेतलेली वेबसाइट बिघडली की ती दाखवायला. मधल्या काळात ते रस्त्यात दिसलंच तर मोबाईल कानाला लावून निघून जातं. सावेडीत एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझं ऑफिस आहे. खाली कवळी बसवायला आलेले आणि वर माझ्याकडे आलेले लोक जिन्यातल्या एकाच बाकावर बसतात. कोण कुणाकडे आलंय हे चेहऱ्यावरून मला अजूनही ओळखता येत नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'संगणक क्षेत्रातील यशस्वी महिलेचे अनुभव' असा विषय दिला होता. त्यातलं 'महिला' तेवढं खरं आहे. क्षेत्र म्हणाल तर मी आयुष्यभर काय केलं हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, "ती लोकांना इंटरनेटवर चढवते." मी हसायचे. आता वाटतं, यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. लोकांना चढवणं सोपं असतं. खाली उतरवता येत नाही, आणि हे सारं लिहायचं कारण तेच आहे. येत्या वर्षी ऑफिस बंद करते आहे. जागामालकाला सांगूनही झालं.

आमच्या धंद्यातला सगळ्यात भीतीदायक शब्द व्हायरस नाही, हॅकर नाही. 'घरचा' हा तो शब्द आहे. "मॅडम, तुमचं काम चांगलंय, पण आमचा घरचाच एक पोरगा निघाला." हा घरचा पोरगा मेव्हण्याचा मुलगा असतो, भाडेकरूचा भाऊ असतो, क्वचित खरंच घरचा असतो. त्याने कुठलासा कोर्स अर्धा केलेला असतो. तो हुशार असतो, चहापाण्यावर काम करायला तयार असतो, आणि त्याने आजवर एकही वेबसाइट मोडताना पाहिलेली नसते. बांधायला कुणीही शिकतं हो. कुठे कुठे मोडतं हे शिकायला वर्षं जातात, आणि आमच्या बिलात जे लोकांना फुगवलेलं वाटतं ते नेमकं तेवढंच असतं.

एका मंगल कार्यालयाची वेबसाइट अशाच घरच्या पोराने केली होती. बुकिंगचा फॉर्म भरला की तो पोराच्या स्वतःच्या मेलवर जायचा, आणि तो मेल त्याने उघडणं सोडून दिलं होतं. ऐन लग्नसराईत एक वऱ्हाड बँडसकट दारात उभं राहिलं तेव्हा आत दुसऱ्याच्या अक्षता पडत होत्या. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सगळ्यांनाच पत्ता बदलून हवा होता. एका क्लासवाल्या सरांचा पासवर्ड त्यांच्या घरच्या पोरासोबत परदेशी गेला होता. त्यांच्या साइटवर अजून जुनं नाव आहे, आणि ज्या गणिताच्या मास्तरांनी फुटून समोरच्याच इमारतीत क्लास काढला, त्यांचा हसरा फोटोही आहे. या गोष्टी मी लग्नकार्यात सांगते, लोक हसतात. भानुदास अण्णांची गोष्ट मी कुठे सांगत नाही.

अण्णा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. दलाल हा शब्द शहरात शिवीसारखा वापरतात, बाजारात तो हुद्दा आहे. लंपीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद ठेवले होते, त्या दिवसांत ते मुलाला, विकासला, घेऊन माझ्याकडे आले. विकास बीकॉम झालेला, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल. अण्णा धोतर आणि खांद्यावर मोठा पांढरा रुमाल. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून पाहिली.

"मॅडम, गाई-बैलांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट करायचीय," विकास म्हणाला. "बाजार परत कधी उघडतोय काही भरवसा नाही."

"का काढायची, ते इचारा की त्याला आधी," अण्णा म्हणाले. मी हसले. पण ते गंमत करत नव्हते. "ताई, मानूस जनावर घेऊन आला की मी पयलं हेच इचारतो. का इकायची? दात मागून बघतो, कास मागून बघतो. कारन कळल्याबगर दाव्याला हात लावत न्हाई."

"ते कशासाठी?"

"एकाची गाय लाथ मारती म्हनून इकायची आसती. एकाच्या घरी धार काढाया मानूस न्हाई म्हनून. गाय तीच, पन ह्या दोगांस्नी गिऱ्हाईक येगळं बघावं लागतं. काढाया मानूस न्हाई त्याला समोरचा पार पिळून घेतो. समोरच्याला ते कळूच द्यायचं न्हाई."

मग त्यांनी विकासचा हात ओढून माझ्या टेबलावर ठेवला, आपला त्यावर ठेवला आणि वरून रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं हलली. एकेका बोटाला, बोटाच्या एकेका पेराला आकडा असतो. विकणारा आपला शेवटचा भाव असा दलालाच्या हातात देतो, घेणाराही असाच देतो, आणि चहूबाजूंनी गर्दी असताना तोंडातून शब्द निघत नाही. हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. पाहताना मला वाटलं, आम्ही ज्याला सिक्युरिटी म्हणतो ती ही.

"भाव झाकायला न्हाई ह्यो रुमाल," अण्णा म्हणाले. "भाव काय, सांजच्याला गावभर हुतोच. मानसाची अडचन झाकायला हाय."

मी त्यांना वहीवर काढून दाखवलं. गाईचा फोटो, वेत म्हणजे कितव्यांदा व्याली ते, दूध, सांगायचा भाव, हे सगळ्या जगाला दिसेल. शेवटचा भाव आणि विकायचं कारण हे फक्त अण्णांना. या दुसऱ्या भागाला कुलूप लागेल, म्हणजे अण्णांचं खातं, पासवर्ड, आणि ती माहिती वेगळ्या जागी. माझ्या अंदाजपत्रकात निम्मं काम त्या कुलपाचंच होतं. विकासने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"मॅडम, अण्णांना पासवर्ड काही लक्षात राहणार नाही. तेवढा भाग काढला तर किती कमी होईल?"

"तो भाग काढायचा असेल तर वेबसाइटच काढू नका," मी म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले असेन. तो हसला, विचार करून सांगतो म्हणाला. जाताना अण्णांनी खुर्ची पुन्हा जागेवर सरकवून ठेवली.

थोड्या दिवसांनी विकासचा फोन आला. "मॅडम, घरचाच पोरगा मिळालाय. बायकोचा आतेभाऊ, कर्जतचा. इंजिनिअरिंगला आहे. राग मानू नका." मी म्हणाले, राग कसला. राग आला होता, पण त्याचा काही उपयोग नसतो.

साइट झाली. मी उघडून पाहिली आणि खरं सांगायचं तर ती देखणी होती. हिरवी पट्टी, कोपऱ्यात बैलजोडीचं चित्र, मोबाईलवर झर्रकन उघडायची. एकेका गाईचे चारी बाजूंनी फोटो. सौरभ नाव त्या पोराचं. हात चांगला होता त्याचा. उद्‌घाटनाला विकासने नारळ फोडला, त्याचा फोटोही साइटवर टाकला होता. मी स्वतःशी म्हटलं, बाई, तुझे दिवस संपले. मी आपली त्या पानांवरून वरवर नजर फिरवली आणि बंद केलं.

पुढे काय काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं, पण इथे सरळ सांगते.

विकासने अण्णांच्या डोक्यातलं सगळं साइटवर घ्यायचं ठरवलं. त्यामागे त्याचा हेतू वाईट नव्हता. बाप म्हातारा होत चालला, उद्या धंदा करायचा तर ही माहिती कुठेतरी असायला हवी, असं त्याला वाटे. अण्णांना फोन येत, अण्णा कारण विचारत, माणसं सांगत. माणसं अण्णांना असं काही सांगत, जे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नसतं. अण्णा ते विकासला सांगत आणि विकास ते टाइप करी. अण्णांनी म्हणे दरवेळी विचारलं, "हे कुनाला दिसनार न्हाई ना रं?" आणि विकासने दरवेळी सांगितलं, "नाही अण्णा. फक्त तुम्हालाच."

सुरुवातीला कामं चांगली झाली. बाजार पुन्हा भरायला लागले तरी लोक साइट बघूनच फोन करत. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. घेणारे घासाघीस करेनात. यायचे, गाय बघायचे आणि विकणाऱ्याचा जो शेवटचा भाव तो तेवढाच बोलायचे. त्यावर एक पैसाही नाही. एकदा झालं तर योगायोग म्हणू, पण दर गाईला तेच. आणि शेवटचा भाव अण्णांखेरीज कुणाला ठाऊक नसतो. बाजारात कुजबुज सुरू झाली. अण्णा फुटला. अण्णा दोन्हीकडून खातो. ज्या माणसाच्या रुमालाखाली लोकांनी बापजाद्यांपासून हात दिले, त्याच्यासमोरून लोक दावं ओढत पुढच्या दलालाकडे जायला लागले.

तेव्हा ते दुसऱ्यांदा आले. आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे. अण्णांनी या वेळी खुर्ची हलवून पाहिली नाही.

"साइट हॅक झालीय मॅडम," विकास म्हणाला.

मी माझ्या संगणकावर साइट उघडली. पहिलीच गाय कोल्हारजवळच्या एका वस्तीवरल्या मंदाबाईंची होती. दुसऱ्या वेताची, काळी-पांढरी, शांत डोळ्यांची. वर्णनाच्या खाली बरीचशी जागा कोरी होती. पानावर अशी उगाच रिकामी जागा दिसली की आमच्यासारख्याला ती खटकते. मी त्या जागेवरून माउस ओढला. निळा पट्टा पडला आणि पट्ट्यात अक्षरं उगवली.

'फक्त अण्णांसाठी.' त्याखाली शेवटचा भाव. त्याखाली कारण. 'सून गाईच्या कामावरून भांडून माहेरी बसली. बाळ लहान म्हणून थांबली असं गावात सांगतात. गाय गेल्याशिवाय येणार नाही म्हणते. मंदाबाईला घाई आहे.'

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. बस, एवढंच. वाचकांपैकी ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबसाइटचं पान म्हणजे घरोघर वाटलेला कागद असतो. जे कुणाला कळू द्यायचं नाही ते त्या कागदावर छापायचंच नसतं. या पोराने ते छापलं होतं आणि शाई तेवढी कागदाच्या रंगाची वापरली होती.

मी विकासकडे पाहिलं. तो दचकेल असं मला वाटलं होतं.

"हां, ते आपलंच आहे मॅडम," तो म्हणाला. "ते तसंच वाचायचं असतं. बोट दाबून धरलं की निळं होतं. अण्णांना पासवर्ड नको म्हणून सौरभने केलेली युक्ती आहे ती. आम्ही त्याला रुमालच म्हणतो."

एवढ्या वर्षांत मी लोकांच्या चुका पाहिल्या, कंटाळा पाहिला, चोऱ्याही पाहिल्या. पण कुणी इतक्या प्रेमाने केलेली चूक पाहिली नव्हती.

"विकास, हे मला दिसलं."

"तुम्ही यातल्या आहात."

मी जिन्यावरून खाली हाक मारली आणि दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या सुनंदाला वर बोलावलं. तिला म्हटलं, ही गाईची जाहिरात तुझ्या फोनवर उघड आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. तिने सगळे करतात तेच केलं. बोट दाबून धरलं, सगळं निवडलं, कॉपी केलं, मला पाठवलं. माझ्या फोनवर ते आलं तेव्हा पांढरं काही राहिलं नव्हतं. गाय, वेत, दूध, भाव, शेवटचा भाव, सून, माहेर, सगळं एकाच काळ्या अक्षरात एकाखाली एक. "अगं बाई," सुनंदा म्हणाली, "हे असलं लिहितात होय जाहिरातीत?"

विकास तो फोन हातात घेऊन बघतच राहिला. व्यापारी हेच करत होते. चांगलं जनावर दिसलं की जाहिरात उचलून आपल्या ग्रुपवर टाकत होते. पहिल्यांदा कुणालातरी गंमत वाटली असेल. मग ती सवय झाली. कुणी काही फोडलं नव्हतं. एखाद्या दुकानदाराने गल्ला रस्त्यावर मांडावा आणि लोकांनी येता-जाता पाहावं, तसं झालं होतं.

अण्णांना वाचता येतं, पण सावकाश. ते पडद्याजवळ तोंड नेऊन मंदाबाईंच्या ओळी वाचत होते, ओठ हलवत. वाचून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी केली, परत घडी केली.

"हे माजंच बोलनं हाय," ते म्हणाले. "जसंच्या तसं."

साइट मी तिथल्या तिथे बंद करून दिली. सौरभचा पासवर्ड विकासकडे होता, आणि तो पासवर्ड विकासच्या मुलीचं नाव होता. मी त्यांना सांगितलं की आता यापुढे कुणाला काही दिसणार नाही. अण्णांनी विचारलं, "आन् जे गेलं ते?" ते लोकांच्या फोनमध्ये आहे, ते मला काढता येणार नाही, हे मी सांगितलं. ते सांगताना मला माझ्या कामाची लाज वाटली. माझी चूक नसताना वाटली.

अण्णांना मंदाबाईंकडे जायचं होतं. मी बरोबर यावं असा त्यांचा हट्ट होता. "तुमी सांगा त्येंना, ताई, कम्पुटरची चूक हाय म्हनून. माजं आता कोन ऐकतंय." मी गेले. कोल्हारच्या पुढे उसातून जाणारी कच्ची वाट होती. विकास गाडी चालवत होता. वस्तीवर गोठा रिकामा होता. गव्हाणीत वाळलेला कडबा तसाच पडून होता. गाय अण्णांना डावलून परस्पर गेली होती, आणि शेवटच्या भावालाच गेली होती, हे आम्हाला पोहोचल्यावर कळलं.

मंदाबाई साठीच्या आतल्या असतील. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. अण्णांशी बोलल्या नाहीत, पण माणूस दारात आलं की जे करायचं ते सगळं केलं. मग मी बोलले. चांगली तयारी करून गेले होते. अण्णांनी कुणाला काही सांगितलेलं नाही, साइट करणाऱ्याला पुरता अनुभव नव्हता, त्याने झाकायची ती माहिती नीट झाकली नाही, ती आपोआप गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी अन्नानं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अन्नाच्या घरानं सांगितलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

मग त्यांनी जे झालं ते सांगितलं. सूनबाईंच्या माहेरच्यांशी मध्यस्थ घालून बोलणं जुळत आलं होतं. सून यायला तयार झाली होती. पहाटेचं शेण-दूध तिच्याच्याने होत नव्हतं, अंगावरचं बाळ, आणि मंदाबाईंचा हात वाताने धरलेला. चूक म्हटली तर कुणाचीच नव्हती. गाय विकायची, सुनेला न्यायला जायचं, गावाला काही कळायचं कारण नव्हतं. अण्णांना सांगितलं ते यासाठी, की गिऱ्हाईक लवकर बघा पण चांगलं घर बघा. तेवढ्यात ती जाहिरात ग्रुपवरून ग्रुपवर फिरत व्याह्यांच्या गावात गेली. कुणीतरी त्याखाली लिहिलं होतं, गाय नको, सूनच द्या. लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले होते.

"व्याही म्हनलं, आमच्या पोरीची अब्रू बाजारात मांडली. भाव लावला तिचा," मंदाबाई म्हणाल्या. "आता ती न्हाई यायची. मी नातू पाळन्यात बघून आले हुते. आता चालाया लागला म्हनत्यात." त्यांनी रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. "गाय बी गेली. त्यो बी न्हाई."

अण्णा उठले आणि त्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते वयाने मोठे होते. मंदाबाई घाईने मागे सरल्या आणि म्हणाल्या, "आवो, काय करता हे, जावा आता." एवढंच म्हणाल्या. चहाचे कप त्यांनी आमच्यासमोरच उचलून नेले.

परतीच्या वाटेवर विकास रडला. अण्णा खिडकीतून उसाकडे बघत होते.

सौरभला मी फोन केला होता. त्याला झापायचं असं ठरवून केला होता. आवाजावरून तो अगदी पोरसवदा वाटला. "मॅडम, पण स्क्रीनवर दिसत नव्हतं ना," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याने व्हिडिओ बघून केलं होतं. कुणी तपासणारं नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. चुकलंय हे त्याला सांगणारी मी पहिलीच, आणि मी त्याला सांगितलं तेव्हा मंदाबाईंचा गोठा रिकामा झालेला होता. माझ्या हाताखाली वर्षभर काढलं असतं तर चांगला कारागीर झाला असता, असं मला फोन ठेवताना वाटलं. त्याने माफी मागितली. मनापासून मागितली. मग म्हणाला, "मॅडम, ती साइट मी माझ्या बायोडेटात लिहिलीय, ती बंद ठेवली तर इंटरव्ह्यूत काय दाखवू?" पुढे पुण्यात त्याला नोकरी लागली असं ऐकलं. तो आता कुणाच्या तरी माहितीवर पांढरी शाई ओतत नसावा, अशी आशा करण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

विकासचा मध्यंतरी फोन आला होता. दूध डेअरीचं काहीतरी काढतोय. "मॅडम, यावेळी नीट करायचंय. सौरभचा मित्र आहे एक, घरच्यासारखाच. तुम्ही फक्त शेवटी एकदा नजर टाकाल का? तुमचं काय ते चहापाणी बघू." मी हो म्हणाले की नाही म्हणाले ते आठवत नाही. एवढं सगळं बघून, त्या गोठ्यापर्यंत जाऊन आल्यावरही माणूस शिकत नसेल, तर मी इतकी वर्षं नेमकं काय विकत बसले होते, असं मनात येत राहिलं. ऑफिस सोडायचं ठरवलं ते त्याच आठवड्यात.

अण्णांना मी एकदाच भेटले त्यानंतर. माझा धाकटा भाऊ कर्जतला शेती बघतो. त्याला एक गाय विकायची होती, आणि मीच म्हणाले, चल, अण्णांकडे जाऊ. मला वाटलं, आपल्या एका गाईने का होईना त्यांच्याकडे माणसं वळतील. बाजार भरला होता. धूळ, हंबरणं, टेम्पोंची रांग. जिथे तिथे पोरं मोबाईलवर आकडा टाइप करून एकमेकांना दाखवत होती, मोठमोठ्याने भाव बोलत होती. अण्णा एका टेम्पोच्या सावलीत उभे होते. रुमाल होता, पण त्यांनी तो डोक्याला गुंडाळला होता.

मला बघून त्यांना बरं वाटलं. हात जोडले, घरच्यांची विचारपूस केली. गाईच्या अंगावरून हात फिरवला, कास पाहिली, दात पाहिले. माझा भाऊ वाट बघत होता. ते आता कारण विचारतील, हे मी त्याला गाडीत सांगून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. शेवटी तो आपणच सांगायला लागला, "अण्णा, त्याचं असं झालं..."

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांची नजर माझ्या हातातल्या मोबाईलवर होती. "त्यो आधी गाडीत ठिवून या, ताई."

मी गेले. मोबाईल गाडीत ठेवला, दार लावलं, आणि रिकामे हात त्यांना दिसतील असे धरून परत आले. भाऊ गाईचं दावं धरून उभा होता. अण्णांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आजूबाजूच्या गर्दीकडे.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला काय सांगू नका. कुनालाच नका सांगू."

आणि त्यांनी बोट करून आम्हाला दुसरा दलाल दाखवला.